प्रवेशाच्या पत्राची वाट

व्यापाऱ्याचे निम्मे आयुष्य वाट पाहण्यात जाते असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. माल चढला की बिल्टीची वाट, बिल्टी हाती आली की गाडीची वाट, माल विकला गेला की रकमेची वाट आणि हे सारे सुरळीत झाले तर पुढील पावसाची वाट! या सर्व वाट पाहण्याची आम्हां व्यापाऱ्यांना सवय असते. तिच्यात आम्ही सहसा धीर सोडीत नाही. कारण माल वेळेवर आला तर काय करावयाचे व न आला तर काय करावयाचे, या दोहोंचा हिशेब आम्ही आधीच मांडून ठेविलेला असतो. परंतु याच व्यापाऱ्याच्या घरी मुलाच्या अगर मुलीच्या कॉलेजप्रवेशाचा निर्णय यावयाचा असला म्हणजे हे सारे शहाणपण तो दुकानाच्या उंबऱ्यावर ठेवून घरात शिरतो. दोन ऋतूंचा हिशेब पाठ असलेल्या माणसाला एका पाकिटाचा हिशेब करता येत नाही, हे आम्ही आमच्या पेठेत गेली पन्नास वर्षे पाहत आलो आहो. त्याविषयी चार शब्द लिहावे, असे या वर्षी मनात आले.

आम्ही स्वतः मॅट्रिक झाल्यावर गादीवर बसलो. त्यामुळे कॉलेजच्या पत्राची वाट आम्ही स्वतःसाठी कधी पाहिली नाही. पाहिली ती धाकट्या भावासाठी, पुढे मुलीसाठी आणि अगदी अलीकडे नातीसाठी. तीन पिढ्यांच्या या तीन वाटांत पुष्कळ अंतर आहे.

आज ज्या मुलांना बोटाच्या टोकाने अर्ज भरावयाची सवय आहे, त्यांस पूर्वीची रीत थोडी सांगितली पाहिजे. प्रथम पोस्टल ऑर्डर पाठवून माहितीपत्रक व अर्जाचा नमुना मागवावयाचा. तो आला की गुणपत्रिकेच्या नकला हाताने किंवा टंकलेखन यंत्रावर काढून त्यांवर अधिकाऱ्याची सही व शिक्का घ्यावयाचा. मग अर्ज रजिस्टर टपालाने रवाना करावयाचा व त्यासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले एक कोरे पाकीट जोडावयाचे. निर्णय याच पाकिटातून यावयाचा. पोस्टमनच्या हातात लांबून आपलेच अक्षर दिसले की मुलाच्या छातीत धस्स होई. जगात दुसरे कोणतेही पत्र असे नसेल की ज्यावर अक्षर आपले, तिकीट आपल्या पैशाचे आणि आतील मजकूर मात्र सर्वस्वी परक्याचा!

बेळगावकडील घरांना ही वाट दोन दिशांनी पाहावी लागे. १९५६ सालापर्यंत आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या वर्षी १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. आमच्या भागातील कॉलेजे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेली. घरची भाषा, नातीगोती व व्यापाराचा ओढा मात्र कोल्हापूर, सांगली व पुण्याकडे. म्हणून एक अर्ज दक्षिणेस जाई व एक उत्तरेस. एकीकडून होकार आला व दुसरीकडचे उत्तर यावयाचे असले म्हणजे मोठे संकट. कारण पहिल्या ठिकाणी पैसे भरावे तर दुसरे हुकते आणि थांबावे तर पहिले जाते. महाराष्ट्र राज्याने आपल्या दाव्यातील ८६५ गावांच्या मराठी भाषिक मुलांकरिता प्रवेशाच्या नियमांत वेगळी सोय ठेविली आहे, तिचे मूळ या दुहेरी वाट पाहण्यातच आहे. ती सोय ज्ञात नसल्यामुळे आपल्या समाजातील काही मुले आजही तिला मुकतात, म्हणून येथे तिचा उल्लेख मुद्दाम केला.

आता एक हकीकत सांगतो. १९८२ सालची गोष्ट. आमचा धाकटा भाऊ व खानापूर तालुक्यातील आमच्या एका गिऱ्हाइकाचा मुलगा, या दोघांनी पुण्याच्या रस्त्यावरील एका शहरात अभियांत्रिकीसाठी अर्ज केला होता. दोघांचेही अर्ज आमच्या पेढीवरच भरले गेले, दोन्ही पाकिटे आमच्याच दिवाणजींनी एकाच खळीने चिकटविली व एकाच दिवशी टपालात टाकली. गुण जवळपास सारखे. दोघांचीही निवड झाली आणि दोघांचीही पत्रे एकाच तारखेची, १४ जुलैची, निघाली. मजकूर असा की, या पत्राच्या तारखेपासून आठ दिवसांच्या आत मूळ दाखले व फीचा ड्राफ्ट घेऊन समक्ष हजर व्हावे. न झाल्यास जागा पुढील उमेदवारास दिली जाईल.

आमच्या घरी ते पत्र पडले २१ जुलैच्या दुपारी साडेबारा वाजता. पाऊस कोसळत होता. बँकेचे व्यवहार दोनला बंद व्हावयाचे. हातात दीड तास. शेजारच्या पेढीवरील वडीलधारे गृहस्थ स्वतः छत्री घेऊन बँकेत गेले व ड्राफ्ट निघेपर्यंत तेथून हलले नाहीत. समोरच्या अडत्याने शाळेत माणूस धाडून मूळ दाखला आणविला. रात्रीच्या एस. टी. चा भरवसा वाटेना, म्हणून तिसऱ्या एका पेढीची तुरीची लॉरी पुण्याकडे निघणार होती, तिच्यात ड्रायव्हरच्या शेजारी भावाला बसविले. आईने दिलेली भाकरीची शिदोरी व दाखल्यांची पिशवी एवढेच सामान. पहाटे तो त्या शहरात उतरला व कचेरी उघडण्यापूर्वी दारात उभा राहिला. त्याला जागा मिळाली.

दुसऱ्या मुलाचे पत्र त्याच्या गावाला पोहोचलेच नाही. गावाच्या अलीकडील नाल्याला पूर होता आणि टपालाची थैली चार दिवस नाल्याच्या अलीकडे पडून होती. पत्र त्याच्या हाती पडले ते २६ तारखेस. तो धावत गेला, परंतु जागा पुढील उमेदवारास दिली गेली होती. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. कोणाकडे बोट दाखवावे असे त्यात काही नव्हते. दोष द्यावयाचा तर तो पावसाला. पुढे तो मुलगा वडिलांच्या दुकानावर बसला, दुकान त्याने वाढविले, आज तो चार माणसांना पोसतो. ते पत्र मात्र त्याने फाडले नाही. त्या वर्षीच्या खतावणीत ते अजून आहे.

या दोन मुलांत फरक बुद्धीचा नव्हता, गुणांचा नव्हता, पैशाचाही फारसा नव्हता. एकाच्या घराभोवती पेठ होती आणि दुसऱ्याच्या घराभोवती पूर होता, एवढाच फरक.

यातील न्यायाचा भाग व्यापाऱ्याला चटकन समजेल. मुदती हुंडीची मुदत केव्हापासून धरावयाची, हुंडी लिहिल्या दिवसापासून की ती दाखविल्या दिवसापासून, यावर आपल्या वाडवडिलांनी किती बारकाईने रूढी घालून दिल्या होत्या! १८७२ च्या कराराच्या कायद्यातही पत्राने दिलेला होकार केव्हा पुरा होतो, हे स्पष्ट सांगितले आहे: ते पत्र टपालात पडून लिहिणाऱ्याच्या हाताबाहेर गेले की प्रस्ताव करणारा त्याने बांधला जातो. खामगावचा एक जिनिंग कारखाना व अहमदाबादची एक पेढी यांच्यात १९५९ साली सरकीच्या पेंडीचा सौदा टेलिफोनवर झाला, त्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६५ साली न्यायालयाने निर्णय दिला की, टेलिफोनवरील होकार जेथे ऐकू आला तेथे करार पुरा झाला. टपालाचा नियम टेलिफोनला लागू नाही. सांगण्याचे तात्पर्य असे की, सरकीच्या पेंडीसाठीसुद्धा 'होकार केव्हा व कोठे पोहोचला' या प्रश्नाचा एवढा खल झाला. मुलाच्या आयुष्याच्या पत्रात मात्र मुदत पत्राच्या तारखेपासून मोजली जाई, पोहोचल्या दिवसापासून नव्हे. आणि वाटेतील विलंबाची सारी जोखीम पत्र घेणाऱ्यावर, म्हणजे जो सर्वांत दूर व सर्वांत आडबाजूस राहतो त्याच्यावर पडे. कोणताही शहाणा अडत्या अशा अटीवर माल घेणार नाही.

१९७२ साली पिनकोड आला, १९८६ साली स्पीड पोस्ट सुरू झाले; तरी मूळ दुखणे तसेच राहिले. ते खऱ्या अर्थाने हलले ते सामाईक परीक्षा व मध्यवर्ती गुणानुक्रम यांमुळे. कर्नाटकात १९९४ पासून ही पद्धत आली. आमच्या मुलीच्या वेळी, २००० साली, आम्ही दोघे रात्रीच्या गाडीने बंगळुरास गेलो. मोठ्या दालनात पडद्यावर कोणत्या कॉलेजात किती जागा उरल्या हे सर्वांसमक्ष दिसत होते. क्रमांक पुकारला की आत जावयाचे व जागा निवडावयाची. तेथे कोणाचे पत्र नाल्याअलीकडे अडकले नव्हते. मुलीला दंतवैद्यकाची जागा मिळाली.

परंतु मुलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या दिवसांत कॉलेजच्या निर्णयाची वाट पाहावयाची, त्याच दिवसांत घरी स्थळांची पत्रे येत असतात. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे दोन पत्रे आली होती व दोन्ही स्थळे चांगली होती. नातलगांचे म्हणणे असे की, कॉलेजचे काय, ते आज नाही तर उद्या. स्थळ मात्र थांबत नाही. मुलाच्या प्रवेशाची वाट सारे घर पाहते आणि मुलीच्या प्रवेशाची वाट पाहताना घरातील निम्मी माणसे तो न मिळावा अशी मनोमन इच्छा करीत असतात, हे कटू असले तरी सत्य आहे. मुलीच्या आईने दोन्ही पत्रांना एकच उत्तर धाडले: बंगळुराहून परत आल्यावर कळवू. त्या एका वाक्यावर त्या मुलीचे पुढील शिक्षण उभे आहे.

आता नातीची गोष्ट. २०२४ साली तिने वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली. त्या वर्षी तेवीस लाखांहून अधिक मुले या परीक्षेस बसली होती. निकाल १४ जूनला लागावयाचा तो ४ जूनलाच लागला. मग वाढीव गुणांचा वाद, १५६३ उमेदवारांचे वाढीव गुण रद्द, २३ जूनला त्यांच्यासाठी फेरपरीक्षा, न्यायालयातील सुनावण्या, २३ जुलैचा न्यायालयाचा निर्णय आणि त्यानंतर २६ जुलैचा सुधारित निकाल. ते पावणेदोन महिने ती मुलगी दूरध्वनी उशाशी घेऊन निजत होती. टपालाच्या काळी पोस्टमन ठरल्या वेळी येई. तो दारावरून पुढे गेला की त्या दिवसापुरती वाट संपली. मुलगा विहिरीवर पोहावयास जाई, बाप रोजमेळ लिहावयास बसे. आता पोस्टमनची वेळ उरली नाही. निर्णय मध्यरात्रीही येऊ शकतो, म्हणून मध्यरात्रीही वाट पाहिली जाते. पूर्वी पत्र सबंध घराला येई व आजोबांच्या चष्म्यासमोर उघडले जाई. आता ते मुलाच्या एकट्याच्या हातातील काचेवर उमटते. होकार असला तर तो ओरडत बाहेर येतो. नकार असला तर तो खोलीचे दार लावून घेतो आणि आपण बाहेर वर्तमानपत्र वाचीत बसलेले असतो.

ज्यांची नातवंडे अमेरिकेत शिकतात त्यांनी तेथील 'जाड पाकीट व पातळ पाकीट' ही गोष्ट ऐकली असेल. होकाराबरोबर अर्ज, वसतिगृहाचे कागद इत्यादी बरेच असल्यामुळे पाकीट जाड येई. नकाराला एक कागद पुरे. न उघडताच नशीब कळे. उत्तर कळविण्याची पूर्वापार तारीख बहुतेक ठिकाणी १ मे. आपल्याकडील मुलांना व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा कागदही पूर्वी टपालानेच येत असे. २०२० च्या साथीपासून तो ई-मेलने पाठविण्यास परवानगी मिळाली. म्हणजे तेथेही पाकिटाची जाडी पाहण्याचे दिवस सरत आले. आपल्याकडे तार २०१३ साली बंद झाली आणि २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. साधने जातात, मुलाचे धडधडणे तेवढे राहते.

मग वडीलधाऱ्यांनी काय करावे? आमच्या अल्प अनुभवावरून सुचते ते असे.

पहिली गोष्ट, निर्णय येण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा विचार घरात उघडपणे करावा. मिळाले तर कोठे राहावयाचे, पैसे कोठून. न मिळाले तर दुसरा कोणता अभ्यासक्रम, कोणते गाव. एकाच गाडीच्या भरवशावर आपण दुकान चालवीत नाही. मुलाचे आयुष्य तरी का चालवावे?

दुसरी गोष्ट, कागद व पैसा तयार ठेवावा. आजही मिळालेली जागा घ्यावयाची, घेऊन पुढील फेरीची वाट पाहावयाची की सोडावयाची, हे थोड्या मुदतीत कळवावे लागते व त्या मुदतीतच फी भरावी लागते. जून-जुलैत आपला पैसा शेतकऱ्यांच्या उचलीत व मालात गुंतलेला असतो. पेरणीचा हंगाम व प्रवेशाचा हंगाम एकच, हे ध्यानात ठेवून मार्चपासूनच ती रक्कम बाजूस काढावी. विसार दिल्यावाचून माल आपला होत नाही, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

तिसरी गोष्ट, 'आले का पत्र?' हा प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारू नये. आल्यागेल्या पाहुण्यांनाही तो विचारू देऊ नये. बाजारभावाची चौकशी घटकेघटकेला करणाऱ्याचा भाव वाढत नाही, जीव मात्र वरखाली होतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नकार आला असता 'जाऊ दे, दुकान आहेच' असे सांत्वन करू नये. हे वाक्य प्रेमाने बोलले जाते, पण त्यात मुलाचा व पेढीचा असा दोघांचाही अपमान आहे. पेढी ही हरलेल्यांची धर्मशाळा नव्हे. ज्याला व्यापारच करावयाचा आहे त्याने तो निवडून, मान ताठ ठेवून करावा. आणि ज्याला शिकावयाचे आहे त्याला दुसरा मार्ग शोधण्यास एक वर्ष लागले तर ते वर्ष द्यावे. मालाला भाव नसला तर वखारीत एक हंगाम ठेवण्याची छाती आपल्यात आहे. मुलाच्या बाबतीत ती का असू नये?

शेवटी समाजाविषयी. १९८२ साली आमच्या भावाची जागा राखली ती तीन पेढ्यांनी, कोणताही कागद न करता. खानापूर तालुक्यातील त्या मुलाला अशी पेठ नव्हती. ही उणीव भरून काढण्याचे काम आपल्या पूर्वजांनी फार लवकर ओळखले होते. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने व तिच्या संस्थापकांपैकी आण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारख्यांनी शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला, तो याच जाणिवेने. खेड्यातील मुलाला शहरात शाळा मिळाली तरी निजावयास जागा व दोन वेळचे अन्न मिळाल्यावाचून ती मिळाली न मिळाल्यासारखीच. बोर्डिंगातील प्रवेशाचे पत्र हेच कित्येकांचे खरे प्रवेशाचे पत्र होते. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकले आणि पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढून सर्व जातिधर्मांच्या हजारो मुलांस दार उघडून दिले. एका मुलाला दिलेली खोली कोठवर जाते, याचे याहून मोठे उदाहरण शोधावयास नको.

म्हणून सभासद बंधूंस आमची नम्र सूचना आहे की, आपल्या संघाने दरवर्षी जून ते सप्टेंबर असे चार महिने एक छोटा हंगामी निधी मोकळा ठेवावा. त्यातून प्रवेशाची पहिली फी भरण्यास अडलेल्या सभासदाच्या मुलास अगर मुलीस त्याच दिवशी बिनव्याजी उचल द्यावी व ती दिवाळीनंतर माल विकल्यावर परत घ्यावी. कचेरीत दोन जाणत्या तरुणांस बसवून खेड्यापाड्यांतील घरांना मुदतीच्या तारखा, लागणारे दाखले व सीमाभागाच्या सवलती यांची माहिती दूरध्वनीवर द्यावी. पुणे, कोल्हापूर, धारवाड व बंगळूर येथे कोणाच्या घरी एक रात्र उतरता येईल, याची यादी ठेवावी. यात खर्च थोडा व कष्टही थोडे आहेत. लागते ती फक्त वेळेवर दाराशी उभी राहणारी माणसे.

पूर आजही येतात. कोठे रेंज नसते, कोठे वीज नसते, कोठे हातात रोकड नसते, कोठे 'मुलीला इतके शिकवून काय करावयाचे' असे म्हणणारा आजोबा असतो. त्या नाल्याच्या अलीकडे कोणाचे तरी पत्र या क्षणीही अडकलेले असेल. ते पलीकडे पोहोचविण्याचे काम आपले आहे.